काळा चष्मा घालायला लाज कसली?

पेणच्या मिठागरात दुपारी मीठ असं चमकतं की डोळे उघडवत नाहीत. रोह्याकडे उन्हाळी भाताच्या पाण्यावरही तीच तिरीप. आमच्या गटातल्या काहीजणींना ऊन सोसेना, तरी काळा चष्मा घालायला लाजायच्या. 'हिरॉईन' म्हणतील ना! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजीला कोण हसतं?

पण नुसती काळी काच नको. तिच्यामागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि उन्हातले अतिनील किरण जास्त आत शिरू शकतात. 'यूव्ही ४००' लिहिलेला घ्या. घरात आल्यावर काढा, नाहीतर डोळ्यांना अंधाराचीच सवय लागते. आणि डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड अचानक सोसेनासा झालाय, तर चष्म्याआड लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.