काळ्यावर काळं, आणि वर आकाश!

बिल्डिंग म्हणजे चार भिंती, वर स्लॅब आणि बाहेरून पेंट. बहुतेकांची व्याख्या इथेच संपते, नाही का? पण मित्रांनो, आपल्या दिघीहून फार लांब नाही, पुणे विद्यापीठाच्या आवारात एक इमारत आहे, जिच्या भिंतीही विषय शिकवतात. ती म्हणजे ‘आयुका’, खगोलशास्त्राचं आंतर-विद्यापीठ केंद्र. स्थापना 1988 ची, संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर आणि आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय आणि भोपाळचं भारत भवन ज्यांनी बांधलं, तेच हे कोरिया.

आधी भिंत बघू. खाली आपला खडबडीत काळा बसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच दगड. त्यावर कडप्पा, जो आपल्या घरी स्वयंपाकाच्या ओट्याला असतो. आणि सगळ्यात वर चकचकीत पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. काळ्यावर काळं, त्यावर आणखी काळं! वरच्या ग्रॅनाइटमध्ये ढग दिसतात, त्यामुळे भिंत कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झालं तेच कळेनासं होतं. अंतराळ दाखवायला कोरियांनी ना चित्र काढलं, ना नक्षी केली. फक्त तीन दगड नीट निवडले. मॉडर्न आर्किटेक्चर म्हणतात ते हेच.

मधोमध आहे कुंड. देवळाजवळ असतं तसं, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारं. इथे आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. शिवाय आयुकात फूको लंबकही आहे. त्याचा झुलण्याचा प्रतल हळूहळू फिरताना दिसतो, कारण खालची पृथ्वी फिरत असते. ध्रुवावर ही फेरी साधारण 24 तासांत पूर्ण होते. पुण्याचा अक्षांश सुमारे 18.5 अंश. 24 ला त्याच्या साइनने भागा, उत्तर येतं सुमारे 75 तास. करून बघा, कॅल्क्युलेटर आहेच!

आता कोणी म्हणेल, एवढी मोकळी जागा कशाला? तिथे आणखी दहा केबिन झाल्या असत्या. पण आयुका मुळात देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी यावं, भेटावं, म्हणून काढलेली संस्था. अनोळखी माणसं बंद केबिनमध्ये भेटत नाहीत, पायऱ्यांवर भेटतात. शिवाय आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने संध्याकाळी बाहेर बसता येतं. उघड्या आकाशाखालची जागा हीसुद्धा एक खोलीच आहे, हा विचार कोरियांनी आयुष्यभर मांडला. 2015 मध्ये ते गेले, पण चौक अजून काम करतोय.

आपल्या हॉस्टेलचंच बघा ना. सबमिशनच्या आदल्या रात्री अवघड गणित सुटतं ते रूममध्ये की जिन्यात? दिघी-मोशी-चाकण पट्ट्यात रोज नव्या इमारती उभ्या राहताहेत. त्यातल्या काहींच्या ड्रॉइंगवर उद्या आपल्यापैकीच कोणाची तरी सही असेल. तेव्हा प्लॅनमधली रिकामी जागा खोडण्याआधी एकदा आयुकाचं कुंड आठवा, एवढंच!