सेन्सरवाला गुडघा काय सांगतो, काय सांगत नाही



गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत पूर्वी आपल्या गप्पा व्हिसा आणि घरांच्या किमती यांवर चालायच्या. आता त्या आई-बाबांच्या गुडघ्यांवर येतात. त्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "अमेरिकेत आता सेन्सरवाला गुडघा मिळतो, काही बिघडले तर तो स्वतःच डॉक्टरांना कळवतो." दुसरे, "ऑपरेशननंतर तो बाहेरून ॲडजस्टसुद्धा करता येतो." दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण ते दोन निरनिराळ्या सांध्यांबद्दलचे आहे. अशा ऐकीव गोष्टींवर कुणी ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये, म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही, इंजिनिअर आहोत. तेव्हा बोलणार आहोत ते यंत्राबद्दल.

आधी सेन्सर. कृत्रिम सांध्यात मोजमापाची सोय करण्याची कल्पना नवी नाही. स्वीडनच्या निल्स रिडेल यांनी १९६६ मध्ये खुब्याच्या कृत्रिम सांध्यावर पडणाऱ्या भाराची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यासाठी तारा चक्क त्वचेतून बाहेर काढाव्या लागल्या होत्या! पुढे बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान यांच्या गटाने तारांपासून सुटका केली. सांध्याच्या पोकळ धातूत स्ट्रेन गेज, म्हणजे ताण पडला की ज्यांचा विद्युतरोध बदलतो अशा बारीक पट्ट्या, आणि एक ट्रान्समीटर सीलबंद केला. बॅटरी नाहीच. बाहेरून सांध्याभोवती कॉइल ठेवली की आतल्या सर्किटला वीज मिळते. इलेक्ट्रिक टूथब्रश चार्ज होतो त्याच तत्त्वावर.

त्यातून निघालेले आकडे आम्हाला तरी थक्क करणारे वाटले. साधे चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीच पट भार येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या खुब्यावर दर पावलाला सुमारे १७० किलो! एक रुग्ण अडखळला तेव्हा तर सात पटींहून अधिक भार नोंदला गेला. याचे कारण स्नायू. एका पायावर उभे असताना शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून कमरेचे स्नायू जोराने ओढतात आणि ती ओढ वजनात मिळते. म्हणूनच काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. (पुष्कळ जण नेमकी उलटी धरतात. घरी एकदा बघाच.) ही मोजमापे 'ऑर्थोलोड' या नावाने सर्वांसाठी खुली केलेली आहेत. पण असे सांधे मोजक्याच रुग्णांना बसवले गेले आणि मोजमाप व्हायचे ते रुग्ण प्रयोगशाळेत आल्यावर.

रोजच्या वापरासाठी असलेला सेन्सरवाला गुडघा म्हणजे झिमर बायोमेट आणि कॅनरी मेडिकल या कंपन्यांचा 'पर्सोना आयक्यू'. त्याला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता ऑगस्ट २०२१ मध्ये मिळाली. गुडघ्याचा जो भाग नडगीच्या हाडात बसतो, त्याच्या खालच्या दांडीत बॅटरी, ॲक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. शेवटचे दोन आपल्या मोबाइलमध्येही असतात. दिवसा चालण्याची नोंद होते. रात्री पलंगाजवळ ठेवलेले बेस स्टेशन ती उचलून इंटरनेटवरून पाठवते. पावले, चालण्याचा वेग, पावलांमधले अंतर, गुडघा किती वाकतो, असे आलेख सर्जनला दिसतात. ही बॅटरी चार्ज करता येत नाही. ती संपली की मोजमाप थांबते, गुडघा मात्र चालू राहतो.

इथे बर्लिनच्या सांध्याशी असलेला फरक लक्षात घ्यावा. तो भार मोजत होता, हा हालचाल मोजतो. सांधा हाडापासून सैल होतो आहे का, आत जंतुसंसर्ग झाला आहे का, हे तो ओळखत नाही. एफडीएच्या मान्यतेतच लिहिले आहे की ही माहिती उपचाराचा निर्णय घेण्यासाठी नाही आणि तिचा रुग्णाला फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही. "बिघडले तर स्वतः कळवतो" हे वाक्य इथेच गळून पडते. आलेख छान आहे म्हणून गुडघ्याची सूज, लाली किंवा ताप अंगावर काढला, तर ते महागात पडेल. आम्ही संगणकवाल्यांनी तरी डॅशबोर्ड हिरवा आणि सिस्टीम बंद, असा प्रकार ऑफिसात पुष्कळ पाहिला आहे.

आता ॲडजस्ट होणारा सांधा. तो खरोखर आहे, पण तो लहान मुलांसाठी. गुडघ्याजवळच्या हाडाचा कॅन्सर झाला की हाडाचा तो भाग काढावा लागतो, आणि पायाची बरीचशी वाढ नेमकी तिथूनच होत असते. दुसरा पाय वाढतो, हा आखूड राहतो. पूर्वी कृत्रिम हाड लांबवायला पुन्हा पुन्हा ऑपरेशन करावे लागे. लंडनजवळच्या स्टॅनमोरमध्ये तयार झालेला, आतच लोहचुंबक असलेला सांधा २००२ पासून वापरात आला. मुलाचा पाय बाहेरच्या गोल कॉइलमध्ये ठेवायचा. फिरत्या चुंबकीय क्षेत्राबरोबर आतला चुंबक मिनिटाला ३,००० फेरे फिरतो. मधल्या गिअरबॉक्सचे प्रमाण १३,०६१ ला १ असल्याने सांधा मिनिटाला फक्त ०.२३ मिलिमीटर लांबतो. भूल नाही, टाके नाहीत. चार मिलिमीटरला सतरा-अठरा मिनिटे. आम्हाला विचाराल तर या लेखातले सर्वांत देखणे यंत्र हेच. अर्थात चुंबकामुळे एमआरआयची अडचण येते.

मोठ्यांच्या गुडघ्यात असे काही का नाही? त्यांचे हाड वाढायचे नसते, हे एक. शिवाय वर्षाला सुमारे दहा लाख पावले सोसणाऱ्या सांध्यात आणखी हलणारे भाग घालणे म्हणजे झीज आणि बिघाडाच्या जागा वाढवणे. आत मोजून, त्यानुसार बाहेरून ताण कमी-जास्त करता येईल असा सांधा अजून संशोधनातच आहे. आज ताण जुळवला जातो तो ऑपरेशनच्या टेबलावरच. त्यासाठी सेन्सर असलेला तात्पुरता प्लास्टिकचा तुकडा सांध्यात घालून आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा दाब पाहण्याचे तंत्रही आले. तो तुकडा नंतर काढून घेतात.

म्हणून सर्जनकडे जाताना "स्मार्ट आहे का?" याच्या आधी ते अशी किती ऑपरेशने करतात आणि फिजिओथेरपी किती आठवडे, कुठे होणार, हे विचारावे. तरीही सेन्सरवाला गुडघा घ्यायचाच असेल, तर त्या दांडीसाठी हाडात किती जास्त जागा करावी लागते, माहिती कोणाच्या सर्व्हरवर राहते आणि नको झाल्यास पाठवणे बंद करता येते का, हेही विचारावे. आणि ज्यांचे आई-बाबा सहा महिने इथे, सहा महिने पुण्या-नागपूरला असतात, त्यांनी बेस स्टेशन तिकडे चालेल का, आणि तिकडून आलेले आलेख इथे कोणी पाहणार आहे का, याचे उत्तर लेखी घ्यावे.