लाइपझिगची टॅक्सी आणि आवाज हरवलेली चित्रफीत

दूरदर्शनवर ‘ओल्ड फॉक्स’ पाहिलेल्या पिढीला जर्मन पोलिसकथा काही परकी नाही. तिची संथ चाल आणि गोळीबारापेक्षा प्रश्नोत्तरांवरचा भर आपल्याकडे अनेकांना आवडला होता. मला ओढ लागली ती त्याहून जुन्या ‘टाटोर्ट’ या मालिकेची, आणि त्यातही तिच्या पहिल्याच भागाची. ‘टॅक्सी नाख लाइपझिग’, म्हणजे ‘लाइपझिगला जाणारी टॅक्सी’, हा भाग २९ नोव्हेंबर १९७० च्या रविवारी पश्चिम जर्मनीत दाखवला गेला. त्याच्यामागे जाता जाता मी बर्लिनच्या भिंतीपलीकडच्या, पूर्व जर्मन मालिकेच्या एका भागापाशी पोचलो. तो प्रेक्षकांना दिसायला २०११ साल उजाडावं लागलं. या दोन भागांना जोडणारा धागा मला सापडला तो एका न्यायालयीन बातमीदाराच्या पुस्तकात.

‘टाटोर्ट’ची जन्मकथा सर्वश्रुत आहे. गुंथर विटे यांची कल्पना अशी, की ‘एआरडी’ या सामायिक वाहिनीसाठी प्रत्येक प्रादेशिक केंद्राने आपल्या शहरातला आपला तपास अधिकारी उभा करायचा. क्लाउस डोल्डिंगर यांचं शीर्षकसंगीत आणि शीर्षकात दिसणारे होर्स्ट लेटनमायर या नटाचे डोळे आज पन्नासहून अधिक वर्षं टिकून आहेत. त्या कामाचे लेटनमायर यांना चारशे मार्क मिळाले होते. मालिका सुरू करायची वेळ आली तेव्हा हॅम्बुर्गच्या केंद्राकडे पेटर शुल्त्से-रोर यांनी दिग्दर्शित केलेला एक चित्रपट तयारच होता. तो मालिकेसाठी बनलेला नव्हता. तरी मालिकेची सुरुवात त्याच्यापासून झाली.

कथेची सुरुवात साधी आहे. पूर्व जर्मनीतल्या महामार्गालगत, लाइपझिगजवळ, एका लहान मुलाचा मृतदेह सापडतो. त्याच्या पायांतले बूट पश्चिमेत बनलेले असतात. पूर्वेकडून हॅम्बुर्गकडे चौकशी येते आणि काही दिवसांत ती मागेही घेतली जाते. प्रकरण मिटलं असं सगळे धरून चालतात, पण तपास अधिकारी पाउल ट्रिमेल ते मिटू देत नाही. वाल्टर रिश्टर यांनी रंगवलेला हा ट्रिमेल जाडजूड, तापट आणि दारूला नाही न म्हणणारा आहे. वरिष्ठांच्या परवानगीची त्याला फारशी फिकीर नसते. तो पश्चिम बर्लिनकडे जाणाऱ्या रस्त्याने निघतो, वाटेत गाडी बिघडल्याचं सोंग करतो आणि टॅक्सी करून थेट लाइपझिग गाठतो. तिथे त्याला कळतं, की प्रश्न दोन मुलांचा आहे. दोघांचा बाप एकच, आया वेगळ्या. एक पश्चिमेत वाढलेला, दुसरा पूर्वेत. पश्चिमेतला मुलगा मेला आणि बापाने त्याच्या जागी पूर्वेतला मुलगा नेला. आपलं पोर पलीकडे जगेल, या आशेने पूर्वेतल्या आईने त्याला संमती दिली.

ट्रिमेलने वाट सोडून लाइपझिगकडे वळणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पश्चिम जर्मनीतून पश्चिम बर्लिनला जाणाऱ्या माणसाला ठरलेला मार्ग सोडायची मुभा नव्हती. १९ मार्च १९७० रोजी पश्चिमेचे चान्सलर विली ब्रांट एरफुर्टला जाऊन पूर्वेच्या पंतप्रधानांना भेटले होते. दोन राज्यांमधला प्रवासमार्गांचा करार मात्र डिसेंबर १९७१ मध्ये व्हायचा होता. चित्रपट या दोन घटनांच्या मधोमध येतो. पूर्वेत चित्रीकरण शक्यच नव्हतं, त्यामुळे पडद्यावरचं लाइपझिग पश्चिमेतच उभं केलेलं आहे. इतकं असूनही पूर्वेतली ती आई कुठेही प्रचारातली बाहुली होत नाही. तिच्या निर्णयात लाचारी आहे आणि हिशेबही आहे. पहिल्याच भागात मालिकेने खुनी शोधण्यापेक्षा मोठा प्रश्न हाती घेतला: एका मुलाच्या आयुष्याची किंमत सीमेच्या कोणत्या बाजूला किती?

हा प्रश्न विचारणारे लेखक म्हणजे फ्रीडहेल्म वेरेमायर. जन्म १९३०, मृत्यू २०१९. जर्मनीबाहेर त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. मला विचाराल, तर ‘टाटोर्ट’च्या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण माणूस हाच. ट्रिमेल त्यांच्या कादंबऱ्यांतून आला, पण वेरेमायर मुळात न्यायालयांचं वृत्तांकन करणारे पत्रकार. १९६८ मध्ये त्यांनी युर्गेन बार्ट्शच्या खटल्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं नाव साधारण असं: ‘मी प्राणिसंग्रहालयात ठेवायचा माणूस आहे का?’

१९६२ ते १९६६ या काळात लांगेनबेर्ग परिसरात बार्ट्शने चार मुलांचे जीव घेतले. पहिला खून केला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पाचवा मुलगा निसटला आणि बार्ट्श पकडला गेला. १९६७ मध्ये वुपर्टालच्या न्यायालयाने त्याला प्रौढ गुन्हेगार मानून जन्मठेप दिली. वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. १९७१ मध्ये ड्युसेलडोर्फला फेरखटला झाला. तिथे त्याच्या बालपणाची, दत्तक घेणाऱ्या घराची आणि मनाच्या घडणीची तपासणी झाली आणि दहा वर्षांची बालगुन्हेगारांसाठीची शिक्षा व मनोरुग्णालयात रवानगी ठरली. ही काही उजळ कहाणी नाही. १९७६ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी, भूल देण्यातल्या चुकीमुळे, बार्ट्श मेला. पण असा माणूस घडतो कसा, हा प्रश्न त्या देशात भर न्यायालयात, वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत विचारला गेला. तो विचारणाऱ्या पहिल्या काही लोकांत वेरेमायर होते. त्यांच्या लाइपझिगच्या कथेतलं ते मेलेलं मूल मला या पुस्तकापासून वेगळं काढता येत नाही.

आता भिंतीपलीकडे जाऊ. ३१ मे १९६९ रोजी बर्लिनच्या ईशान्येला एबर्सवाल्डे या गावात दोन नऊ वर्षांच्या मुलांचा खून झाला. ऑक्टोबर १९७१ मध्ये तिसऱ्याचा. अशा गुन्ह्याचा पूर्वेतल्या पोलिसांना अनुभव नव्हता आणि समाजवादी राज्यात असा गुन्हेगार निपजेल हे अधिकृतपणे मान्यही नव्हतं. तपास अडला तेव्हा शारिटे रुग्णालयातले न्यायवैद्यक मनोचिकित्सक हान्स शेव्चिक यांना गुन्हेगाराचं मानसिक चित्र तयार करायला सांगितलं गेलं. त्यासाठी अभ्यासायला घेतलेलं प्रकरण होतं पश्चिमेतल्या बार्ट्शचं. जाहीरपणे ज्या समाजाला सडलेला म्हणायचं, त्याच समाजाच्या खटल्यातून गुपचूप शिकायचं, अशी वेळ आली.

नोव्हेंबर १९७१ मध्ये एर्विन हागेडोर्न पकडला गेला. रेल्वे स्थानकावरच्या उपाहारगृहात तो स्वयंपाकी होता. पहिल्या दोन खुनांच्या वेळी त्याचं वय सतरा. ड्युसेलडोर्फमध्ये बार्ट्शच्या लहान वयाचा विचार झाला त्याच वर्षीची ही अटक. हागेडोर्नला मात्र मृत्युदंड मिळाला. पूर्वेचे राष्ट्रप्रमुख वाल्टर उल्ब्रिश्ट यांनी दयेचा अर्ज फेटाळला आणि सप्टेंबर १९७२ मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. कुठे? लाइपझिगच्या तुरुंगात. पश्चिमेत मृत्युदंड १९४९ पासून नव्हता. पूर्वेत तो १९८७ पर्यंत होता आणि अशा शिक्षा लोकांच्या नजरेआड उरकल्या जात. ट्रिमेलची टॅक्सी ज्या शहरात पोचली, त्याच शहरात हे घडत होतं.

‘टाटोर्ट’ला पूर्वेने दिलेलं उत्तर म्हणजे ‘पोलित्सायरूफ ११०’. २७ जून १९७१ रोजी ती मालिका सुरू झाली. चोरी, अफरातफर, दारू, वाट चुकलेली तरुण मुलं हे तिचे विषय; खून त्या मानाने कमी. तरीही १९७४ मध्ये दिग्दर्शक हाइन्त्स झायबर्ट यांनी एबर्सवाल्डेच्या प्रकरणावर बेतलेला भाग चित्रित केला. त्याचं नाव ‘इम आल्टर फोन…’, म्हणजे ‘अमुक इतक्या वयात…’. काम पूर्ण होण्याआधीच वरून हुकूम आला: निर्मिती थांबवा, साहित्य नष्ट करा.

तो हुकूम पुरता पाळला गेला नाही. अनेक वर्षांनी बाबेल्सबेर्गच्या प्रसारण अभिलेखागारात या भागाची चित्रफीत सापडली. तिला आवाज नव्हता. पटकथेच्या आधारे दृश्यं जुळवली गेली, आजच्या नटांनी संवादांना आवाज दिले आणि मालिकेच्या चाळिसाव्या वर्षी, जून २०११ मध्ये, हा भाग प्रेक्षकांसमोर आला. चेहरे १९७४ चे, आवाज २०११ चे. तपासनीसांच्या तोंडचे शब्द तेव्हाच लिहिलेले होते. ऐकू यायला सदतीस वर्षं लागली.

या बंदीचा मला आजही राग येतो. खरा खुनी कधीच मारला गेला होता, तपासात धोक्यात येण्यासारखं काही उरलं नव्हतं. एबर्सवाल्डेच्या लोकांना सगळं ठाऊकच होतं. त्यांची मुलं खून झाले त्याच जंगलात खेळत होती. या मौनाने कुणाचं रक्षण झालं? मुलांचं तर नक्कीच नाही. आईबापांनी काय ओळखायला शिकावं, शिक्षकांनी कुठे लक्ष द्यावं, शेव्चिक यांना काय उमगलं, हे कोट्यवधी घरांत पोचवण्याचं साधन हाताशी असताना राज्याने ते स्वतःहून मोडलं. राज्याने जपलं ते फक्त आपलं स्वतःचं चित्र.

२८ ऑक्टोबर १९९० रोजी, एकीकरणानंतर चारच आठवड्यांनी, ‘उंटर ब्रूडर्न’ म्हणजे ‘भावाभावांत’ या भागात दोन्ही मालिकांचे पोलीस एकत्र तपास करताना दिसले. पश्चिमेचा शिमान्स्की आणि पूर्वेचा फुक्स एका चौकटीत आले, त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यही होतं. तरी दोन मालिकांची खरी गाठ मला १९७० चा पहिला ‘टाटोर्ट’ आणि १९७४ चा दडपलेला ‘पोलित्सायरूफ’ शेजारी ठेवल्यावर दिसते. दोहोंच्या केंद्रस्थानी मेलेलं मूल आहे, दोहोंच्या मुळाशी बार्ट्शची सावली आहे. एकीकडे लेखकाला प्रश्न विचारायची मोकळीक होती, दुसरीकडे तो प्रश्न कात्रीखाली गेला. पोलिसकथेला हलकं वाङ्मय म्हणणाऱ्यांनी हे दोन भाग एका बैठकीत पाहावेत. ज्या राज्याला गुन्ह्याची गोष्ट सहन होत नाही, त्याला गुन्ह्यापेक्षा गोष्टीची भीती जास्त असते, आणि त्या भीतीची किंमत राज्यकर्त्यांऐवजी नागरिकांच्या मुलांना मोजावी लागते.