मुहूर्त इकडचा, मोसम तिकडचा

लग्नाची तारीख काढताना घरातले चार जाणते पंचांग घेऊन बसतात. गुरुबळ आहे का, मंगल कार्यालय रिकामं आहे का, आचारी मोकळा आहे का, सगळं पाहिलं जातं. हनिमूनची तारीख मात्र नवऱ्यामुलाला रजा कधी मिळते त्यावर ठरते. उटी-मनालीपर्यंत ते खपून जायचं. आता आपल्या कलबुर्गी-सोलापूर पट्ट्यातली, खजुरीची, आळंदची, पलीकडे उमरग्याची पोरं पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात नोकरीला आहेत. दोघांचेही पगार येतात आणि हनिमूनच्या यादीत केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका अशी नावं दिसू लागली आहेत. तिथं मात्र रजेबरोबर पाऊसही पाहावा लागतो. माणशी रात्रीला शेकडो डॉलर मोजून चिखलात रुतलेल्या गाडीत बसायचं नसेल, तर पंचांगाच्या शेजारी आफ्रिकेचं पाऊसमान मांडून बसायला हवं.

पूर्व आफ्रिकेत, म्हणजे केनिया-टांझानियात, पाऊस दोनदा येतो. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मोठा आणि नोव्हेंबरच्या सुमारास छोटा. मोठ्या पावसात गवत माणसाच्या कमरेला लागतं, प्राणी पांगतात, रस्ते वाहून जातात आणि काही कॅम्प एप्रिल-मेमध्ये चक्क बंद असतात. आता आपल्या लग्नसराईकडे पाहा. आपल्या भागात दणक्यात लग्नं लागतात ती चैत्र-वैशाखात. शेतं रिकामी, हातात तुरीचे पैसे, पोरांना सुट्ट्या. म्हणजे आपली सर्वांत मोठी लग्नतिथ आणि सेरेंगेटी-मसाई माराचा सर्वांत वाईट मोसम नेमके एकावर एक येतात. एप्रिल-मेमध्ये तिथले दर निम्म्यावर का उतरतात, याचं उत्तर यात आहे. ‘ऑफर’ म्हणून जे पॅकेज समोर येतं, ते बहुतेकदा या महिन्यांचं असतं.

उलट बाजूही तितकीच गंमतशीर आहे. विल्डबीस्टच्या कळपांचं स्थलांतर जगप्रसिद्ध आहे. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट, सोबत लाखांवर झेब्रे. मारा नदीत उड्या टाकणारे कळप आणि खाली वाट पाहणाऱ्या मगरी हे दृश्य दिसतं ते जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान. हा आपला चातुर्मास. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नाहीत. वैशाखात लग्न करून जुलैत जावं म्हटलं, तर आषाढात नव्या नवरीला माहेरी पाठवायची रीत आपल्याकडे अजून पाळतात. श्रावण लागला की पंचमी आणि मंगळागौर. पहिल्या पंचमीला लेक माहेरी नाही, नैरोबीत आहे, हे आईला आणि सासूबाईंना कसं पटवायचं ते ज्याचं त्यानं पाहावं. पटलं तरी तो हंगाम महाग असतो. मसाई मारा राखीव क्षेत्राचं परदेशी प्रौढांसाठीचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आहे, जुलै ते डिसेंबर २००. नदीच्या काठावर गाड्यांची गर्दी होते ती वेगळीच. एक कळप, चाळीस जीप आणि प्रत्येक जीपमधून वर काढलेले मोबाइल. हनिमूनला गेलेल्यांनी ते पाहावंच, असं मला वाटत नाही.

मग कधी जावं? माझं मत सांगतो: माघातलं लग्न असेल तर सोनं. जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत हेच कळप टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला एन्डुटूच्या आखूड गवताच्या मैदानात असतात आणि दोन-तीन आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात. उभं राहायला शिकणारी वासरं आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसलेले चित्ते, तरस, सिंह. शेजारीच एन्गोरोंगोरो. कोसळलेल्या ज्वालामुखीचं सुमारे २६० चौरस किलोमीटरचं तळ, भोवती सहाशे मीटर उंच कडा. पुढे झांझिबारचा किनारा, तिथंही या दिवसांत हवा कोरडी आणि समुद्र निळा असतो. कार्तिक-मार्गशीर्षातलं लग्न असेल तर लगेच धावू नये. नोव्हेंबरचा छोटा पाऊस असतो आणि नाताळ ते नववर्षात दर आभाळाला टेकतात. पूजा, गोंधळ, देवदर्शन, पाहुण्यांकडची जेवणं उरकून जानेवारीच्या मध्याला निघावं.

आणि वैशाखातल्या वधूवरांनी? त्यांनी पूर्व आफ्रिकेचा हट्ट सोडून दक्षिणेकडे पाहावं. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर भागात पाऊस आपल्या हिवाळ्यात पडतो. मेपासून तिथं कोरडा मोसम लागतो, झाडांची पानं झडतात, प्राणी पाणवठ्याला येतात. क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ चं. त्याला लागून साबी सँड्ससारखी खासगी राखीव जंगलं आहेत, मध्ये कुंपण नाही, आणि बिबट्या दिवसाढवळ्या दिसण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. बोत्सवानात ओकावांगोची गोष्ट आणखी निराळी. अंगोलाच्या डोंगरात पडलेलं पाणी महिनोन्‌महिने वाहत येऊन ऐन कोरड्या दिवसांत, जून ते ऑगस्टमध्ये, वाळवंटाच्या कडेला पसरतं. होडीतून सफारी होते. पण बोत्सवानानं मुद्दामच थोडे पर्यटक आणि चढे दर असं धोरण ठेवलं आहे, तेव्हा खिसा चाचपूनच तिकडे वळावं.

आता पैशांचं. ‘लक्झरी’ म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर पंचतारांकित हॉटेल येतं. सफारीत तसं नसतं. रात्रीला माणशी तीन-चारशे डॉलरचा चांगला तंबू-कॅम्प मिळतो, हजार डॉलरच्या पुढचेही पुष्कळ आहेत. महागड्या कॅम्पातसुद्धा अनेकदा नळाला चोवीस तास गरम पाणी नसतं. सांगितलेल्या वेळेला माणूस पाणी तापवून आणतो आणि तंबूमागच्या टांगलेल्या बादलीत ओततो, वरून फवारा. घरी बंब पेटवून अंघोळ केलेल्या आपल्या माणसाला हे पाहून हसू येईल. संध्याकाळनंतर तंबूतून जेवणाच्या जागी एकट्यानं जायचं नाही. भाला घेतलेला मसाई रखवालदार सोबत येतो, कारण कॅम्पाला कुंपण नसतं.

मग एवढे पैसे कशाचे? मोकळ्या जागेचे. मसाई माराच्या सरकारी राखीव क्षेत्राच्या कडेनं ओलारे मोतोरोगी, मारा नाबोइशो, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. कॅम्पवाले ती भाड्यानं घेतात आणि भाडं जमीनमालकांच्या खात्यात दर महिन्याला जमा होतं, पर्यटक आले काय, न आले काय. बदल्यात तिथं शेती नाही, कुंपण नाही, गुरं चारण्यावर नियम. किती एकरांमागे एक तंबू हेही ठरलेलं. त्यामुळे सिंहाभोवती दोन-चार गाड्या असतात, वाट सोडून गाडी नेता येते, रात्री फिरता येतं, बंदूकधारी गाइडबरोबर पायी चालता येतं. यातलं बरंचसं मुख्य राखीव क्षेत्रात चालत नाही. नवीन जोडप्यानं मोठा बाथटब असलेल्या खोलीपेक्षा कॉन्झर्व्हन्सीतल्या साध्या तंबूला पैसे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

हे भाड्याचं गणित आपल्या भागातल्या माणसाला लवकर कळेल. काळविटांचा कळप तुरीत, हरभऱ्यात शिरला की काय होतं, हे आळंद-बिदरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. जनावर टिकावं असं सगळ्यांनाच वाटतं, पण त्याचं चरणं कुणाच्या रानात, हा प्रश्न उरतो. मसाईंनी त्याचं एक उत्तर शोधलंय, तेही पूर्ण नाही. करोनाच्या काळात पर्यटक थांबले तेव्हा काही ठिकाणी भाडं कमी करावं लागलं आणि जमीनमालकांच्या हातात पैसा कमी आला.

तसं पाहिलं तर आफ्रिका आपल्याला इतकी लांबची नाही. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या भावाची चर्चा निघाली की अडत्याच्या तोंडी मोझांबिक, टांझानिया, मलावी ही नावं येतातच. २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी तूर आयातीचा करार केला, तेव्हापासून तर जास्तच. बिदरमध्ये हबशी कोट आहे, बहामनींच्या काळात इथं आलेल्या हबशांची आठवण. कोल्हापूरच्या संस्थानात गेल्या शतकाच्या पूर्वार्धात काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेहून चित्ते आणवले जात. ज्या खंडात तुम्ही चित्ता पाहायला जाल, तिथूनच कधीकाळी चित्ते जहाजानं इकडे आले होते.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण हनिमून बिघडतो तो इथंच. पहिली गोष्ट नाव. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही. पासपोर्टवर जे नाव आहे, तिकीट त्याच नावानं काढावं. लग्नाच्या आधी बुकिंग करून मधल्या काळात नवं नाव लावायची घाई करू नये. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. टांझानियाचा व्हिसाही ऑनलाइन मिळतो. झांझिबारनं १ ऑक्टोबर २०२४ पासून स्वतःचा प्रवासविमा सक्तीचा केला आहे, माणशी ४४ डॉलर, दुसरीकडचा विमा असला तरी. दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाला वेळ लागतो, तो लग्नपत्रिका छापायला टाकण्याआधी सुरू करावा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी टीसीएस आकारते. तो खर्च नसून कर आहे आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, तेव्हा त्याची पावती जपावी.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाची लस. केनियाला जाऊन भारतात परत येताना तिचं पिवळं कार्ड लागतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात रवानगी होऊ शकते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं ठरवलेल्या केंद्रांतच मिळते. आपल्याला जवळचं म्हणजे हैदराबादेत नारायणगुड्याची इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन, नाहीतर मुंबई. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि आता ते जन्मभर चालतं. हळदीच्या आठवड्यात हैदराबादची फेरी मारायची नसेल, तर साखरपुड्यानंतर लगेच दोघांनी एकदम जाऊन यावं. ही जिवंत विषाणूची लस आहे. गरोदर असताना सहसा देत नाहीत, घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. मलेरियाच्या गोळ्यांचंही तसंच, डॉक्टरांना विचारून. घरातल्या मोठ्यांना लवकर पाळणा हलावा असं वाटत असेल आणि तुमचंही तेच ठरलं असेल, तर दक्षिण आफ्रिकेत माडिक्वे आणि पिलानेसबर्ग ही मलेरियामुक्त जंगलं आहेत. हत्ती, सिंह, गेंडे तिथंही आहेत.

“तिथं खायला काय मिळतं गं?” हा सासूबाईंचा प्रश्न. उत्तर सोपं आहे: केनियात चपाती मिळते आणि तिला चपातीच म्हणतात. रेल्वेच्या काळापासून गुजराती, पंजाबी, गोवेकर तिथं वसलेले आहेत. नैरोबीत शुद्ध शाकाहारी खानावळी आहेत आणि बऱ्याच कॅम्पांचे आचारी डाळ-भात-भाजी व्यवस्थित करतात. लिंगायत किंवा जैन जेवण, कांदा-लसूण नको, हे बुकिंग करतानाच लिहून द्यावं. जंगलात आयत्या वेळी सांगितलं तर उकडलेल्या भाज्या येतात. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सोबत असावी हे सांगायला नकोच. फक्त ती प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे.

सामान थोडं न्यावं. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारणपणे माणशी पंधरा किलो चालतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सुटकेस घेत नाहीत. रुखवतातली नवी कोरी सुटकेस घरीच राहू द्यावी. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर आहे, पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात, म्हणून स्वेटर हवाच. गडद निळे आणि काळे कपडे टाळावेत, त्सेत्से माश्या त्या रंगांवर येतात. लष्करी छापाचे कपडे काही देशांत कायद्यानं बंद आहेत. हिरवा चुडा हातात राहू द्यावा, फक्त सिंह समोर असताना हात हलवू नये, गाइड वैतागतो. दुर्बीण प्रत्येकी एक न्यावी. एका दुर्बिणीवरून नवऱ्याबायकोचं पहिलं भांडण सफारीतच व्हायचं.

मुंबईहून नैरोबीला थेट विमान असतं, सहा तासांच्या आसपास लागतात आणि घड्याळ अडीच तास मागे जातं. कलबुर्गी किंवा सोलापूरहून रात्रीची रेल्वे धरली की सकाळी मुंबई. सात-आठ रात्री असतील तर दोनच मुक्काम करावेत, जंगलात चार आणि समुद्रावर तीन-चार. सहा दिवसांत पाच उद्यानं दाखवणारा कार्यक्रम हातात आला तर तो परत द्यावा, त्यात अर्धा हनिमून गाडीत जातो. गाडी फक्त दोघांची, बारा जणांच्या ग्रुपमधली नको. केनियात गाइडची परीक्षा असते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात. आपला गाइड कुठल्या पायरीचा आहे ते विचारायला लाजू नये, दिवस चांगला जाणं त्याच्यावरच असतं.

आणि जाण्याआधी एक रंगीत तालीम करावी. बिदरजवळ विलासपूर तलावाकाठी कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचं ब्लॅकबक रिसॉर्ट आहे, नावाप्रमाणे काळविटांसाठीच. इकडे सोलापूरच्या बाजूला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे, १९७९ चं. माळढोक आता जवळपास संपला, पण काळवीट, लांडगा, खोकड आहेत. पहाटे पाचला उठून दोन तास गवताकडे बघत गप्प बसणं दोघांनाही जमतंय का, हे एका शनिवार-रविवारात कळतं. नाही जमलं तर झांझिबारच्या रात्री वाढवाव्यात आणि जंगल दोन रात्रींवर आणावं. जुलै ते ऑक्टोबरसाठी सहा ते नऊ महिने आधी बुकिंग लागतं. फेब्रुवारीसाठीही चांगले कॅम्प दिवाळीपर्यंत भरत आलेले असतात, म्हणजे माघात बार उडवायचा असेल तर कार्यालयाला विसार देतानाच कॅम्पालाही द्यावा लागेल.