माळावरच्या रेबीजचा बंदोबस्त

इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या किंवा बारामतीकडील सुप्याच्या ज्या माळावर लांडगा व खोकड दृष्टीस पडतात, त्याच माळावर मेंढपाळांची आणि गावची कुत्रीही हिंडतात. आणि चाव्याच्या जखमेतून शिरलेला रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदू गाठून पुढे लाळेत उतरत असल्यामुळे गाव आणि रान यांमधील शीव त्याला अडवीत नाही.

परंतु श्वापदास सुई टोचणार कोण? स्वित्झर्लंडने १९७८ साली त्यावर तोड काढली: कोंबड्यांच्या मुंडक्यांत लशीची पुडी दडवून ती ऱ्होन नदीच्या खोऱ्यात टाकली आणि तांबड्या खोकडांनी ती चावून खाल्ली. मर्म त्या चावण्यात आहे. पुडी फुटून लस तोंडातील अस्तरास व टॉन्सिलना भिडली, तरच प्रतिकारशक्ती जागृत होते, अखंड गिळलेली पुडी जठरात फुकट जाते. लस पोचलेल्या खोकडांचा पट्टा हा जणू जकातनाकाच; रोगाला तो ओलांडता आला नाही.

आपल्याकडे रोगाचा मुख्य साठा कुत्र्यांत असल्याने (आणि आमिष टाकले तरी ते लांडग्याआधी गावची कुत्रीच फस्त करतील, असा माझा कयास आहे) रानाचा बंदोबस्त गावातच करावा लागतो. शंभरांतील निदान सत्तर कुत्र्यांना लस टोचलेली असली की संसर्गाची साखळी तुटते. मात्र नवी पिल्ले जन्मतच असल्याने ही मोहीम दरसाल काढावी लागते.