एकीकडे महापूर, दुसरीकडे टँकर

● एप्रिल २०१६ : लातूरची तहान भागवायला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे धावली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी, २५ लाख लिटर.

● ऑगस्ट २०१९ : तीच कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हाही सांगली जिल्ह्यातल्याच जत तालुक्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर चालू होते.

● कारण : सह्याद्री ढग अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. पर्जन्यछायेतल्या जत-आटपाडीला जेमतेम दहावा हिस्सा.

● धडा : १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पूर असो वा दुष्काळ, तयारी आधीच हवी.