उत्तम राखलेली म्हणजे काय?

लोणावळ्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. दारं फुगतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते, कुलपं गंजून बसतात. अशा गावातल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या गॅरेजातून १९४०-५०च्या काळातली इंग्लिश रोडस्टर विक्रीला निघाली आणि मालक म्हणाला, "उत्तम राखलेली आहे", तर त्या दोन शब्दांपाशी थांबायला हवं. कापडी टप आणि लाकडी सांगाड्याची गाडी या हवेत पाऊणशे वर्षं टिकते, तेव्हा तिच्यामागे दरवर्षी कुणाचे तरी हात राबलेले असतात. गाडीची खरी किंमत त्या हातांत आहे, असं माझं ठाम मत आहे.

अष्टकोनाची गोष्ट

रोडस्टर म्हणजे दोन माणसांची, उघडी, हलकी गाडी. या जातीचा नमुना म्हणून एमजी टीसी घेऊ. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर देखणी, चपळ गाडी उभी केली आणि पुढे कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गावी गेला. अष्टकोनातली एमजी ही अक्षरं तिथूनच जगभर पोचली. किंबर १९४५च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या रेल्वे अपघातात गेले. टीसी त्याच वर्षी बाजारात आली. ती त्यांना पाहता आली नाही.

युद्धाने खंगलेल्या ब्रिटनला तेव्हा परकीय चलन हवं होतं. जो कारखाना माल परदेशी धाडेल त्याला पोलाद, असं धोरण होतं. १९४९पर्यंत सुमारे १०,००० टीसी बनल्या. सगळ्या उजव्या हाताच्या, म्हणजे आपल्या रस्त्यांना सोयीच्या. १,२५० सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, १९ इंची तारांची चाकं आणि ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ठोकलेला पत्रा. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी चालकासमोर, वेगाची मात्र शेजारच्यासमोर!

चासी क्रमांक ०२५१पासून सुरू झाले, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. मिस्त्रीला चकवणारी गंमत आणखी निराळी आहे. या इंजिनाच्या वंशावळीत हॉचकिस ही फ्रेंच कंपनी येते. त्यामुळे बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी इंग्लिश व्हिटवर्थ पान्याच्या मापाची. हे ठाऊक नसलेल्याने हाताला लागेल तो बोल्ट जोर लावून पिळला, की आटे गेलेच.

ॲम्बॅसिडरची नातलग

अशा गाड्या आपल्याकडे येण्याची वाट लवकरच अरुंद होत गेली. १९५३च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं, की देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसेल तर नुसती जुळणी करायची नाही. मुंबईत शिवडीला १९२८पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी काम थांबवलं. याच कंपनीने २००८ मध्ये मावळातल्या तळेगावला कारखाना घातला आणि २०२० मध्ये तिथलंही उत्पादन बंद केलं. आता तो कारखाना ह्युंदाईकडे आहे.

आयात आटत गेल्यावर ज्या रोडस्टर इथे राहिल्या, त्यांना भाग कुठून मिळणार? १९५५ मध्ये बाजारात आलेल्या एमजीए या मॉडेलच्या बाबतीत उत्तर गल्लीतल्या टॅक्सीत होतं. एमजीएचं १,४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये १९५९पासून बसलेलं इंजिन एकाच घराण्यातलं. कार्बोरेटर वेगळे, ताकद वेगळी, पण मूळ रचना तीच. बंगालमधल्या उत्तरपाड्याला ॲम्बॅसिडर २०१४पर्यंत बनत होती. ती उघडून बसवणाऱ्या मिस्त्रीला एमजीएचं बॉनेट उघडल्यावर अनोळखी वाटण्याचं कारण नव्हतं.

टीसीला असा आधार नव्हता. तिच्यासाठी भाग परदेशातून मागवायचे, नाहीतर लेथवर घडवायचे. टर्नरने जुन्या बुशवरून माप घेऊन नवा बुश काढून देणं, सुताराने कुजलेला ॲशचा तुकडा काढून तिथे सागाचा बसवणं, हे आपल्याकडचं जतन. परदेशी जाणकार सागाला 'मूळचं नाही' म्हणून नाक मुरडेल. मला मात्र त्या सागाच्या तुकड्यात गाडीचा इथला इतिहास दिसतो. तो लपवू नये, सांगावा.

घाटाची परीक्षा

बोरघाटातून चाकांची वाट १८३० मध्ये खुली झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. जुन्या गाडीची पारख मात्र खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर होते. चढावर पाणी उकळतं का, उतारावर चारही ड्रम ब्रेक सारखे धरतात का, हे इथेच कळतं. टीसीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा, तर इंजिनाचा वेग कानाने जुळवावा लागतो, नाहीतर दात करकरतात.

घाटाआधी गाडी उभी असतानाच पाहायच्या गोष्टी वेगळ्या. दार उघडून हलकेच वर उचलायचं. बिजागरीपाशी ते हललं, तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता मोठी. गालिचा उचलून फळ्यांना वाळवी लागली आहे का पाहायचं. रंगाच्या चकाकीवर जाऊ नये. ओल धरलेल्या लाकडावरही नवा रंग छान बसतो.

शिसेविरहित पेट्रोल आल्यापासून जुन्या बिडाच्या हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट झिजण्याचा धोका असतो, म्हणून तिथे कडक सीट बसवल्या आहेत का हे विचारावं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं. लोणावळ्याच्या हवेत टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणं म्हणूनच घातक.

कागद आणि वही

व्यवहाराआधी चासी आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहायलाच हवेत. लोणावळ्यासह मावळातल्या गाड्यांचं काम पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत, एमएच-१४ खाली चालतं. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. विक्री झाली तर दोन्ही पक्षांनी नव्वद दिवसांत परिवहन खात्याला कळवायचं. मात्र हा क्रमांक घेतला, की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा. कधीमधी मनात आलं म्हणून कामशेतपर्यंत फेरी मारू पाहणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावं.

सरकारी कागदांइतकीच मला मोलाची वाटते ती दुरुस्तीची वही. कोणत्या साली किंगपिन बदलल्या, रिंगा कुणी टाकल्या, टप कुणी शिवला, लाकूड कुठलं वापरलं, याची नोंद. बहुतेक घरांत अशी वही नसते. सगळं मालकाच्या आणि मिस्त्रीच्या डोक्यात असतं, आणि मिस्त्री गेला की गाडीची स्मृतीच जाते. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला, तरी टीसीची कारखान्यातली मापं आज छापील मिळतात. आपल्या लेथवर घडलेल्या बुशचं माप मात्र कुठेच छापलेलं नाही.

म्हणून विकणाऱ्याने जाहिरात देण्याआधी मिस्त्रीला घरी बोलवावं, चहा ठेवावा आणि तो सांगेल ते लिहून घ्यावं. विकत घेणाऱ्याने किल्लीबरोबर ती वही मागावी आणि पहिल्या पावसाआधी त्याच मिस्त्रीच्या हाताखाली एक दिवस उभं राहावं, पाने देत. कुठला बोल्ट किती पिळायचा, हे त्याच्या मनगटाला माहीत असतं. ते वहीत उतरत नाही, शेजारी उभं राहूनच घ्यावं लागतं.